चार नंबरचा दगड

महाडच्या एस.टी. स्टँडवर मी जेव्हा जेव्हा चुकीच्या गाडीत बसले, तेव्हा मला कोणीतरी प्रेमाने नेऊन बसवलेलं होतं. ‘आंधळी हाय बिचारी, धरा तिला’ असं म्हणत दोन हात यायचे, माझा दंड पकडायचे आणि मला गाडीत चढवून मोकळे व्हायचे. कुठे जायचंय हे विचारायचं मात्र राहून जायचं. एकदा अशाच एका पुण्यवान माणसाने मला पाचाडच्या गाडीत बसवलं. आंधळी बाई सकाळी सकाळी धुतलेली साडी नेसून निघालीय, म्हणजे गडावरच्या देवीचा नवस फेडायलाच निघाली असणार, असा त्याचा हिशेब. अहो, मी नोकरीला निघाले होते!

एकटी असताना मी एकदाच चुकले. ती चूक माझी किती आणि दुसऱ्याची किती, हे पुढे सांगतेच.

बिरवाडीजवळ तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकात मी टेलिफोनच्या बोर्डावर बसायचे. पाच वर्षांची असताना मला देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. मग मुंबईच्या अंधशाळेत ब्रेल शिकले, टेलिफोनचा बोर्ड शिकले आणि परत महाडला आले. मुलाखतीला साहेबांनी विचारलं, “तुम्हाला जमेल का?” मी म्हटलं, “आता तुमच्या बोर्डावर डोळस माणूस आहे ना? मग मघापासून तुमची मुंबईची लाईन का लागत नाहीये?” नोकरी मिळाली. आमच्या बौद्धवाडीतली बाई कारखान्यात खुर्चीवर बसायची ही पहिलीच वेळ. आई शेजारणींना सांगताना ‘खुर्ची’ हा शब्द जरा ओढूनच म्हणायची.

घरात आई, दादा आणि मी. दादा गवंडी. रोज सकाळी तो मला स्टँडवर न्यायचा, पावणेआठच्या बिरवाडीच्या गाडीत बसवायचा आणि मग आपल्या कामावर जायचा. संध्याकाळी मी उतरायच्या आत तो येऊन थांबलेला असायचा. असं दीड वर्ष चाललं. मग दादाला मुंबईत एका मोठ्या कंत्राटदाराकडे कायमचं काम मिळालं. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. घरात आनंद व्हायचा, तर दोघंही गप्प. दोघंही माझ्याकडे बघत असणार. न दिसताही असलं बघणं मला कळतं.

“मी एकटी जाईन,” मी म्हटलं.

“महिनाभर जाऊन दाखव,” दादा म्हणाला. “नाय जमलं तर मी मुंबईला जात नाय.”

म्हणजे चुकले मी, तर नोकरी जाणार त्याची. नाहीतर माझी, कारण आईचा डाव वेगळाच होता: “तू घरी बस गो, त्याला जाऊ दे.” काही झालं तरी एक नोकरी बुडणार, हे दोघांनी धरूनच ठेवलं होतं. मला मात्र दोन्ही हव्या होत्या.

घरापासून स्टँडपर्यंतचा रस्ता मला पाठ होता. पांढरी काठी आणि मी, दोघी मिळून सहज पोचायचो. घोळ स्टँडवर व्हायचा. फलाट सहा, प्रत्येकासमोर एक खांब. बिरवाडीची गाडी चारला लागायची. खांब मोजत जावं, तर मध्येच कोणाच्या बोचक्याला पाय लागायचा, कोणीतरी माझा दंड धरायचं आणि मोजणी चुकायची. खांबानेच मला आपला नंबर सांगावा, एवढंच मला हवं होतं. स्टँडच्या कंट्रोलरांना मी तसं म्हटलं. माणूस बरा होता, पण म्हणींची फार हौस.

“ताई, आंधळा मागतो एक डोळा...”

“मी डोळा मागितलेला नाही,” मी म्हटलं. “खांब मागितलाय.”

ते हसले. “अर्ज करा. वर पाठवतो.”

“तुमचा अर्ज वर जाऊन खाली येईपर्यंत मी रिटायर होईन. माझी गाडी पावणेआठची आहे.”

“मग करा काय करायचंय ते,” ते म्हणाले. “मी काही बघितलेलं नाही.”

पहिला नंबर मी जुन्या कॅलेंडरच्या जाड पानावर काढला. ब्रेलची पाटी लावली, टोचणीने ठिपके उठवले आणि भाताच्या खळीने पान खांबाला चिकटवलं. ब्रेलमध्ये चार म्हणजे तीन ठिपके: वर दोन शेजारी-शेजारी, आणि उजवीकडच्याच्या खाली तिसरा. ब्रेलमध्ये अक्षर आणि आकडा दिसायला एकच, म्हणून आकड्याआधी एक खूण लावतात; ती लावली नाही. स्टँडवर काही कोणी कविता वाचणार नव्हतं. संध्याकाळी येऊन खांब चाचपला तर नुसता ओला कोपरा हाताला लागला. बाकीचं शेळीने खाल्लं होतं. शेळीला दोष नाही, खळ तिला आवडते. पोस्टरं तर ती रोजच खायची.

मग पत्रा. डालड्याच्या डब्याचा पत्रा दादाने कापून दिला. मागून खिळ्याने ठोकून मी ठिपके उठवले. ते चांगले टरारून आले. प्रत्येक खांबावर एक पत्रा, असे सहा. आता शेळी काय करते बघू, म्हटलं. शेळीने काही केलं नाही. माणसांनी केलं. तंबाखू मळून झाली की बोटाला उरलेला चुना कुठेतरी पुसायचा असतो, आणि खांबावरचा खरखरीत पत्रा म्हणजे तर सोयच झाली. रोज सकाळी माझे ठिपके चुन्यात बुडालेले. कोणी वरून पानाची पिंक मारायचं. कोणी खिळ्याने नाव कोरलं, शेजारी बदाम, बदामात बाण. तेही मी बोटाने वाचलं. मेल्याला प्रेम करायला माझाच पत्रा सापडला! मी पिशवीत ओलं फडकं ठेवायला लागले. पावणेआठच्या आधी दहा मिनिटं यायचं, पत्रा पुसायचा, वाचायचं, गाडीत बसायचं. दोन आठवडे हे बिनबोभाट चाललं. दादाने मुंबईला नेण्याची ट्रंकही माळ्यावरून खाली काढली.

मग ती सकाळ आली. मला निघायला उशीर झाला होता. धावतपळत खांबापाशी गेले, हात लावला, तर ठिपके दोनच. ब्रेलमध्ये वर शेजारी-शेजारी दोन म्हणजे तीन. म्हणजे पुढचा खांब चार. गाडीचं इंजिन चालू, लोक चढतायत. मी पुढच्या खांबाशी जाऊन सरळ गाडीत चढले. त्या खांबाला हात लावला असता तर पाच नंबर लागला असता. मी लावला नाही. ही माझी चूक, ती मी मान्य करते. पण ज्याने चारच्या पत्र्यावरचा खालचा ठिपका दगडाने ठेचून सपाट केला होता, त्याच्या चुकीचं काय? त्याला तर पत्ताही नसेल.

गाडी खचाखच भरलेली. हायवेला लागली. बिरवाडीच्या फाट्यावर गाडी डावीकडे वळते आणि आतली सगळी माणसं उजवीकडे कलतात. त्या कलण्यावर मी रोज पदर सारखा करायचे. त्या दिवशी आम्ही कोणीच कललो नाही. तेवढ्यात कंडक्टर गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आला.

“बिरवाडी,” मी म्हटलं.

“बिरवाडी? अहो ताई, फाटा कधीच मागे गेला. ही पोलादपूरची. आता हायवेवर कुठे मध्येच उतरवू तुम्हाला? पोलादपूरलाच उतरा.”

पोलादपूरच्या स्टँडवर मी बाकड्यावर बसले, आणि माझ्याभोवती माणसं जमली. कुणाची तू, एकटी कशी सोडली, घरात कोण नाय का. एका बाईने चहा आणून दिला, एकाने पैसे हातात कोंबले. मला भिकारीण समजला. मी ते त्याला परत दिले आणि म्हटलं, “मला पगार मिळतो.” आवाज चढलाच माझा. चहा देणारीवरही चढला, त्याचं मात्र मला वाईट वाटतं. कारखान्यात पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायला आली होती. साहेबांनी नुसता बोर्डाचा हेडफोन माझ्या हातात दिला. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. कंडक्टरने कंट्रोलरांना सांगितलं, त्यांनी दादाला.

“मी मुंबईला नाय जात,” दादा म्हणाला. “उद्या निरोप धाडतो.”

“तू जा रे,” आई म्हणाली. “हीच नोकरी सोडल.”

“तुम्ही दोघं मला मध्ये ठेवून त्याग-त्याग खेळू नका!” मी ओरडले. “मी आंधळी आहे, ओझं नाही. दादा, तू महिना म्हणाला होतास. दोन आठवडे झाले, अजून तेवढेच आहेत.”

दादा ट्रंकेवर बसला. मग म्हणाला, “पण परत पत्रा ठेचला तर?”

त्याचंही खरंच होतं. कागद शेळी खाते, पत्रा माणूस ठेचतो. पितळेचा केला, तर दुसऱ्या दिवशी मोडीत. लोखंडाला आमच्या पावसात गंज. मी चिडून बसले होते आणि आई आमच्याकडे लक्ष न देता वाटण वाटत होती. पाट्यावर वरवंट्याचा तो घर्र-घर्र आवाज. तो पाटा तिच्या लग्नातला. मुलं झाली, माणसं गेली, भिंती पडून पुन्हा उभ्या राहिल्या. पाट्याला काही झालं नाही.

“आई,” मी म्हटलं, “टाकीवाली कधी येते गो?”

टाकीवाली म्हणजे पाट्याला, जात्याला टाकी लावून देणारी पाथरवटीण. पाटा वापरून गुळगुळीत झाला की ती छिन्नीने टिचटिच करत त्याला पुन्हा बारीक खड्डे पाडून देते. दोन दिवसांनी ती गल्लीत ओरडत आलीच. मी तिला एका तुटक्या पाट्याचा तुकडा दिला, कोळशाने दादाने तीन ठिपके काढून दिले. म्हटलं, यावर टाकी घालून दे. दुपारी तिने दगड आणून माझ्या मांडीवर ठेवला. मी हात फिरवला तर काय, तीन सुबक खड्डे!

“अगं बाई, खड्डे कशाला पाडलेस? मला उंचवटे हवेत.”

“टाकी म्हंजी खड्डाच की गं पोरी,” ती म्हणाली. तिची भाषा घाटावरची होती. “जल्मभर खड्डंच पाडलं म्या. उंच करत्यात व्हय कुठं?”

खड्डेही बोटाला कळत होते, नाही असं नाही. पण खड्डा म्हणजे चुन्याला आयती वाटी. आठ दिवसांत बुजला असता. मी तिला चुलीपाशी बसवलं, पाटावर हरभऱ्याच्या डाळीचे तीन दाणे ठेवले, तिला डोळे मिटायला लावले आणि तिचं बोट त्यांवर ठेवलं. “हे दाणे राहू दे. बाकीचा सगळा दगड काढून टाक.” तिने दोनदा, तीनदा बोट फिरवलं.

“म्हंजी ह्ये तीन सोडून समद्या दगडाला टाकी?” ती म्हणाली. “आगं, लई काम हाय.”

“आहे खरं.”

“मग दोन दीस लागतील,” ती म्हणाली, आणि कुरकुरतच छिन्नी उचलली. दोन दिवस ती आमच्या ओट्यावर बसून ठोकत होती. शेवटी वाळू आणि पाण्याने तिने ते तीन उंचवटे घासून गोल केले. मी हात लावला आणि काय सांगू, इतका स्पष्ट चार मी शाळेतसुद्धा वाचला नव्हता.

बसवण्याचं काम दादाचं. त्याने खांबाचा गिलावा फोडून दगड आत चिणला, कड जराही बाहेर ठेवली नाही, म्हणजे कोणाच्या पहारीला पकड मिळायला नको. जागाही आम्ही विचार करून ठरवली. चुन्याचं बोट खांद्याच्या उंचीला पुसलं जातं आणि पिंक खांबाच्या बुडाशी पडते. म्हणून दगड कंबरेच्या उंचीला, खांबाच्या आतल्या अंगाला. “आता ठेचा,” मी स्टँडवर मोठ्याने म्हटलं. “आणा घण!” दोन-चार लोक हसले. दादाला लाज वाटली.

पहिले पाच दिवस सोन्यासारखे गेले. सहाव्या दिवशी ठिपक्यांना काहीतरी कोरडं, भुरभुरीत लागलं. नाकाशी नेलं तर कुंकू. सातव्या दिवशी झेंडूचं फूल. मला वाटलं, कोणाची तरी चेष्टा. नवव्या दिवशी हाताला तेलकट लागलं आणि उग्र वास आला. शेंदूर! काळ्या दगडावर तीन गोल उंचवटे बघून डोंगरातल्या वाड्यांवरून येणाऱ्या बायाबापड्यांनी त्याचा देव करून टाकला होता.

कंट्रोलर तर खूश. “बघा ताई, टाकीचे घाव सोसले आणि देवपण आलं! आता कोण थुंकतोय चार नंबरवर? माझा हा एकच खांब स्वच्छ आहे. राहू द्या. आता त्याला कोणी हात लावणार नाही.”

“मला हात लावायचाच आहे!” मी म्हटलं. “त्यासाठीच बसवलाय तो.”

मी रोज पुसायचे, रोज नवा थर बसायचा. चुना ओल्या फडक्याने निघतो. भक्ती निघत नाही.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीने दादा मुंबईला जायचा होता. त्या सकाळी तो माझ्या मागून स्टँडवर आला. मला न सांगता, कँटीनच्या भिंतीपाशी लपून. त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, ती फटफट मला घरापासून ऐकू येत होती. मी खांबापाशी गेले, हात लावला. रात्रीत कोणीतरी शेंदराचा लपका थापला होता. वर माळ. खाली दगडच नाही जणू, नुसता मऊ गोळा. एक ठिपका कळेना. पावणेआठ व्हायला आले होते. फटफट दोन पावलं पुढे आली.

“तू तिथेच थांब, दादा,” मी मागे न वळता म्हटलं.

मी माळ बाजूला केली आणि पिशवीतून टोचणी काढली.

“अगो अगो, हात नको लावू!” शेजारून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. “देव हाय तो.”

“कुठला देव, बाबा?”

“ते काय ठावं नाय. पण शेंदूर हाय म्हंजे देव हायच. तू कुणाची गो?”

मी सांगितलं. आमच्या वाडीचं नावही सांगितलं. तो हळूच, अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाला, “मग तर नकोच लावू, पोरी.”

या गावात! ज्या गावात तळ्याच्या पाण्याला हात लावायचा म्हणून माणसांनी डोकी फोडून घेतली, ज्या गर्दीत माझे आजोबा होते, त्या गावात माझ्याच दादाने बसवलेल्या, माझ्याच आईच्या ओट्यावर घडवलेल्या दगडाला मी हात लावायचा नाही? मी एक हात लावणार होते. मी दोन्ही लावले.

“बाबा,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “मला डोळे नाहीत. मी बघते ती हात लावूनच. मी हात लावायचा नाही, तर मग तुम्ही डोळे मिटून फिरा.”

नखांनी शेंदूर ओरबाडला, टोचणीने एकेका ठिपक्याची कड मोकळी केली, राहिलेलं पदराने पुसलं. साडी गेली ती गेलीच. भोवती कुजबुज चालू होती, पण कोणी माझा दंड धरला नाही. त्या स्टँडवर असं पहिल्यांदाच झालं. वर दोन, उजवीकडे खाली एक.

“चार!” मी म्हटलं.

माझ्या अगदी शेजारी एक बाई उभी होती. तिच्या अंगाला शेणाचा, गवताचा वास होता आणि बोटांना शेंदराचा.

“गो बाय, मंग हा देव नाय?” तिने विचारलं. “मी रोज फूल वाहते.”

“देव नाही, मावशी. नंबर आहे. चार नंबर. इथे बिरवाडीची गाडी लागते.”

“मी बी बिरवाडीलाच जाते,” ती म्हणाली. “लेक दिलीय तिथं. पण मला वाचाया येत नाय. पाटी हाय ती वर, पण मला सगळ्या सारख्याच. दर येळी कुणाला तरी इचारते, आन् दर येळी कुणीतरी हसतो.”

“तुमचं बोट द्या इकडे,” मी म्हटलं.

“मी?”

“द्या हो!”

तिने बोट दिलं. मी ते धरून पहिल्या ठिपक्यावर ठेवलं, मग दुसऱ्या, मग खाली तिसऱ्या. माझा हात तिच्या हातावर होता. तिने तो काढला नाही.

“तीन गुठल्या,” ती म्हणाली. “तीन गुठल्या म्हंजे बिरवाडी?”

“बिरवाडी.”

“अगो आये!” ती म्हणाली, आणि मी तिचं बोट सोडल्यावरही तिने ते आपलं आपण पुन्हा तिन्ही ठिपक्यांवरून फिरवलं.

गाडी लागली. आम्ही दोघी आपापल्या पायांनी चढलो. फाट्यावर सगळ्यांबरोबर उजवीकडे कलले आणि पदर सारखा करायला गेले, तर पदर सगळा शेंदराने माखलेला. कारखान्यात सगळे विचारत होते, काय झालं. मी म्हटलं, नंबर वाचला.

संध्याकाळी दादाची ट्रंक एका बाजूने त्याने धरली, एका बाजूने मी. मुंबईची गाडी एक नंबरला लागायची. तिथपर्यंत मी त्याला घेऊन गेले, खांबावरचा चुना पुसून पत्रा वाचला, “हाच,” म्हटलं. गाडी सुटताना तो खिडकीतून नुसतं “जा नीट” एवढंच म्हणाला. आजवर दादा मला स्टँडवर सोडायचा. त्या दिवशी मी दादाला सोडलं, आणि एकटी घरी आले.